लाईन झपकली की फोन मुका: वाडीच्या गोदामातलं एक सिप प्रकरण

तक्रार अशी होती: वाडीच्या गोदामात लाईन, म्हणजे वीज, जाऊन आली की काही टेबलफोन अर्धा-पाऊण तास मुके होतात. बाहेरून फोन लावला तर लागत नाही, आतून लावला तर जात नाही. मग आपोआप सुरू होतात. कधी कधी पंधरा मिनिटांत होतात. काही फोनांना तर काहीच होत नाही.

कंपनी मालवाहतुकीची. मुख्य ऑफिस लकडगंजात, मोठं गोदाम अमरावती रोडवर वाडीला, दुसरं कळमन्याला आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत एक छोटं बुकिंग ऑफिस. सगळे मिळून 46 टेबलफोन, सिपवर चालणारे, म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडायच्या प्रमाण पद्धतीवर. सर्व्हर लकडगंजात, यूपीएसवर. बाकीची ठिकाणं व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी जोडणीने, जोडलेली, त्यामुळे मध्ये पत्ते बदलणारा राउटर नाही. वाडीत प्रत्येक फोनला ठरलेला आयपी पत्ता आणि सिग्नलिंग, म्हणजे कॉल जोडायचे संदेश, यूडीपीवर, म्हणजे पोच न मागता पाकिटं पाठवायच्या पद्धतीवर. थोडक्यात, साधी आणि नीट मांडलेली व्यवस्था. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसतं आणि संध्याकाळी वादळी वारा सुटला की लाईन जाते. वाडीचे नेटवर्क स्विच यूपीएसवर नव्हते आणि फोनांना वीज त्याच स्विचमधून मिळते. म्हणजे लाईन झपकली की सगळे फोन एकदम बंद होऊन पुन्हा चालू होणार. त्यात गैर काही नाही. पण चालू झाल्यावर मिनिट-दीड मिनिटात ते कामाला लागायला हवेत.

या अर्ध्या तासाचा त्रास कोणाला होतो, तेही सांगतो. रायपूरकडून राष्ट्रीय महामार्ग 53 ने आलेला ट्रक गोदामाबाहेर उभा असतो. चालक खाली करायचा नंबर विचारायला फोन लावतो, तो लागत नाही. लकडगंजहून डिस्पॅचचा माणूस वाडीच्या गेटला लावतो, तिथेही तेच. बोलणी खातो तो गेटवरचा माणूस, ज्याच्या हातात यातलं काहीच नाही. हे प्रकरण इतकं सविस्तर लिहिण्याचं तेही एक कारण आहे.

सर्व्हर म्हणतो आहे, फोन म्हणतो नाही

तक्रार महिनोन्महिने मुरली, कारण सर्व्हरच्या पाटीवर, म्हणजे फोनांची स्थिती दाखवणाऱ्या पडद्यावर, काहीच चुकत नव्हतं. फोन मुका असतानासुद्धा त्याचं एक्स्टेन्शन हिरवं, नोंदणी (फोन कुठे आहे याची सर्व्हरकडची नोंद) जिवंत, मुदत शिल्लक. सर्व्हर फोनला मधून मधून खुशालीचा ऑप्शन्स संदेश पाठवायचा, त्यालाही फोन उत्तर द्यायचा. फोनच्या पडद्यावर मात्र ‘नोंदणी अयशस्वी’. आणि या मॉडेलचा फोन स्वतःला नोंदलेला समजत नसेल तर आलेला कॉल 480 (सध्या उपलब्ध नाही) म्हणून परत पाठवतो, बाहेर जाणारा कॉल सोडतच नाही. त्यामुळे लकडगंजच्या मुलाने पाटी बघून ‘सगळं बराबर आहे’ सांगितलं तर तो खोटं बोलत नव्हता, आणि वाडीवाले ‘फोन बंद आहे’ म्हणाले तर तेही नाही.

पहिला खरा धागा गेटवरच्या चौकीदाराने दिला. तो म्हणाला, “भाऊ, मोठी लाईन गेली का फोन बराबर येते जी. झपक-झपक केली का मरते.” तासा-दीड तासाच्या खंडानंतर फोन लगेच ठीक आणि दोन मिनिटांच्या झपकीनंतर पाऊण तास बंद. तारा, स्विच किंवा वीजपुरवठ्याचा दोष असता तर हे उलट दिसलं असतं. छोट्या खंडात टिकणारी आणि मोठ्या खंडात पुसली जाणारी कुठली तरी गोष्ट आडवी येत होती. नोंदणीची मुदत होती 3600 सेकंद. एक तास. इथून पुढचा तपास पॅकेट कॅप्चरवर, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे संदेश टिपून वाचण्यावर, आला.

कॅप्चरमध्ये काय दिसलं

सिपमध्ये फोन आपला ठावठिकाणा रजिस्ट्रारला, म्हणजे सर्व्हरच्या नोंदणी ठेवणाऱ्या भागाला, कळवतो तो रजिस्टर विनंतीने. त्या विनंतीत, या प्रकरणापुरत्या महत्त्वाच्या, तीन ओळी असतात. कॉन्टॅक्ट: मी या आयपीवर, या पोर्टवर आहे. कॉल-आयडी: हा पत्रव्यवहार कोणता. आणि सीसेक: या पत्रव्यवहारातला हा कितवा संदेश, म्हणजे एक आकडा आणि पुढे विनंतीचा प्रकार, ‘सीसेक: 2 रजिस्टर’ असा.

या आकड्याचं काम नीट समजलं की अर्धं प्रकरण सुटतं. यूडीपीवर पाठवलेली पाकिटं पाठवल्याच क्रमाने पोचतील याची हमी नाही. समजा फोनने आधी ‘माझी नोंद काढा’ असं शून्य मुदतीचं रजिस्टर पाठवलं आणि लगेच ‘मी पुन्हा आलो’ असं दुसरं. वाटेत पहिलं अडकलं आणि दुसरं आधी पोचलं, तर उशिरा आलेला जुना संदेश ताजी नोंद पुसून टाकील. म्हणून रजिस्ट्रार नोंदीबरोबर कॉल-आयडी आणि सीसेक दोन्ही जपतो. सिपचं प्रमाण म्हणजे जून 2002 मध्ये आलेला आरएफसी 3261 हा दस्तऐवज; त्याच्या दहाव्या प्रकरणात नियम स्वच्छ दिलेला आहे. त्याच कॉन्टॅक्टची नोंद आधीपासून असेल तर कॉल-आयडी बघायचा. तो वेगळा असेल तर नवी विनंती मान्य करायची. तोच असेल तर सीसेक बघायचा. आकडा साठवलेल्यापेक्षा मोठा असेल तर मान्य, नसेल तर बदल थांबवायचा आणि विनंती नापास करायची. जुनी नोंद जशीच्या तशी राहते.

सरकारी कचेरीतल्या जावक नोंदवहीसारखंच आहे हे. एका फाईलमधला 12 नंबरचा कागद हातात असताना त्याच फाईलचा 9 नंबरचा उशिरा आला, तर तो जुना, हे कारकुनाला तारीख न बघताही कळतं. पण कोणी वर्षाच्या मध्येच, फाईल क्रमांक तोच ठेवून, नंबर पुन्हा 1 पासून टाकायला लागलं तर?

वाडीचे फोन नेमकं हेच करत होते. झपकीच्या आधीचा आणि नंतरचा कॅप्चर शेजारी शेजारी ठेवला. कॉल-आयडी अक्षरन् अक्षर तोच. त्यात फोनचा मॅक पत्ता (हार्डवेअरला मिळालेला कायमचा क्रमांक) दिसत होता, म्हणजे फोन तो यादृच्छिक न बनवता स्वतःच्या हार्डवेअरवरून बनवतो. आणि सीसेक सुरू होताना 1. सर्व्हरकडे त्याच कॉल-आयडीचा साठवलेला आकडा कितीतरी पुढचा. नकार ठरलेलाच.

कोण लवकर उठतो, कोण उशिरा

आता उरलेलं कोडं: काही फोन पंधरा मिनिटांत आणि काही पाऊण तासात का येतात? माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

फोन नोंदणीचं नूतनीकरण निम्म्या मुदतीला करतो, म्हणजे दर 30 मिनिटांनी. प्रत्येक वेळी तो आधी पासवर्डाशिवाय विनंती पाठवतो, सर्व्हर 401 म्हणून आव्हान देतो, मग फोन पासवर्डाच्या आधारे काढलेलं उत्तर जोडून पुन्हा पाठवतो. प्रमाण सांगतं की 401 नंतरची ही दुसरी विनंती नवी धरायची आणि तिचा सीसेक एकाने वाढवायचा. त्यामुळे एका नूतनीकरणाला दोन आकडे खर्च होतात आणि नोंदीत साठतो तो नेहमी सम आकडा: 2, 4, 6. दिवसाला 48 नूतनीकरणं, म्हणजे 96 आकडे.

नकार मिळाल्यावर हाच फोन दर 60 सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो. प्रत्येक प्रयत्नाला पुन्हा दोन आकडे. म्हणजे मुका फोन हातावर हात ठेवून बसलेला नसतो, तो मिनिटाला दोन पायऱ्या चढत असतो. तो दोन वाटांनी सुटू शकतो: साठवलेला आकडा ओलांडून, किंवा सर्व्हरवरची जुनी नोंद मुदत संपून गेली की. जे आधी घडेल ते.

एका दुपारचे दोन फोन बघा. लाईन 4 वाजून 10 मिनिटांनी गेली आणि दोन मिनिटांत आली. दोन्ही फोनांचा पहिला प्रयत्न 4:14 ला.

गेटवरचा 231. गेटच्या केबिनमधला छोटा स्विच रात्री बटण दाबून बंद होतो, त्यामुळे हा फोन रोज सकाळी 9 वाजता नव्याने सुरू होतो. 9 वाजता 2, साडेनऊला 4, असं करत 4 वाजता सर्व्हरकडे 30 साठलेला. झपकीनंतर फोनचे 2, 4, 6 असे सगळे नाकारले गेले. 30 सुद्धा, कारण 30 हा 30 पेक्षा मोठा नाही. सोळाव्या प्रयत्नाला 32 गेला आणि 4:29 ला नोंदणी झाली. पंधरा मिनिटं.

आतल्या ऑफिसातला 214. हा वीस दिवस अखंड चालू होता. साठवलेला आकडा 1922. मिनिटाला दोनच्या चालीने तिथे पोचायला सोळा तास लागले असते. पण त्याचं शेवटचं नूतनीकरण 3:52 चं होतं, म्हणून 4:52 ला जुनी नोंद मुदत संपून गेली आणि 4:53 च्या प्रयत्नाला सर्व्हरने त्याला नवा समजून घेतलं. त्या क्षणी त्याचा सीसेक होता 80. सर्व्हरच्या नोंदीत 1922 च्या जागी 80 आलेला दिसला तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

म्हणजे जो फोन सगळ्यात भरवशाचा, वीस दिवस न अडखळता चाललेला, तोच सगळ्यात जास्त वेळ मुका. आणि तासाभराच्या खंडात सगळ्यांच्याच नोंदी पुसल्या जातात, म्हणून ‘मोठी लाईन गेली का फोन बराबर येते’. चौकीदाराचं निरीक्षण शब्दशः खरं होतं.

इथे आणखी एक गोष्ट हाती लागली. फोन मुका झाला की लोक काय करतात? वायर काढून पुन्हा लावतात. कोणीही हेच करील. पण 231 सारख्या फोनची वायर 4:25 ला काढली तर 24 पर्यंत चढलेला तो बिचारा पुन्हा 1 वर येतो आणि त्याची पंधरा मिनिटं नव्याने सुरू होतात. गेटवर हे घडत होतं, एका दुपारी दोनदा-तीनदा. ‘आमचा तर तासभर येतच नाही’ ही गेटची तक्रार लकडगंजात अतिशयोक्ती समजली जायची. ती तशी नव्हती. दोन-तीनदा वायर काढली की जुनी नोंद संपेपर्यंत वाट पाहण्याखेरीज त्या फोनला दुसरी वाट उरत नाही.

कळमन्याला हा त्रास जवळजवळ नव्हता, तेही इथेच जुळतं. तिथल्या छोट्या राउटरला लाईन गेल्यावर कोणाला कोणता पत्ता दिला होता ते आठवत नाही. फोन येतील त्या क्रमाने तो पत्ते वाटतो. पत्ता बदलला की कॉन्टॅक्ट बदलला, आणि नियमाप्रमाणे त्या कॉन्टॅक्टची आधीची नोंदच नाही, मग सीसेक बघायचा प्रश्न येत नाही. वाडीला सगळं शिस्तीत, पत्ते पक्के, म्हणून वाडी अडकली. कळमन्याच्या पद्धतीत मात्र जुन्या पत्त्याची नोंद तासभर लोंबकळत राहते आणि कॉल दोन्ही पत्त्यांवर जातो. तिचं अनुकरण करण्यासारखं नाही.

दोष कोणाचा

फोन बनवणाऱ्याने प्रमाण वाचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याच प्रमाणात एके ठिकाणी लिहिलं आहे की एका फोनने एका रजिस्ट्रारकडे पाठवलेल्या सगळ्या नोंदण्यांना एकच कॉल-आयडी वापरावा. कारणही दिलं आहे: कॉल-आयडी बदलत राहिला तर उशिरा आलेली विनंती ओळखता येणार नाही. हे वाक्य एकटं वाचलं की मॅक पत्त्यावरून कायमचा कॉल-आयडी बनवणं हुशारीचं वाटतं. पण नूतनीकरणाच्या भागात पुढे स्पष्ट आहे: एकदा सुरू झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंतच्या काळात कॉल-आयडी तोच ठेवावा. आणि कॉल-आयडी बनवायला यादृच्छिक ओळख वापरण्याची शिफारस त्याच दस्तऐवजात आहे. दोन्ही वाक्यं एकत्र धरली तर अर्थ एकच निघतो. आकड्याची आठवण जितकी टिकते तितकाच कॉल-आयडी टिकला पाहिजे. फोन सीसेक रॅममध्ये ठेवतो आणि वीज गेली की विसरतो, तर कॉल-आयडीही त्याच वेळी विसरला पाहिजे. या फोनने एक जपलं आणि दुसरं सोडलं.

सर्व्हरने केलं ते नियमाला धरून. इथे माझं मत ठाम आहे, कारण पहिला सुचवलेला उपाय होता सर्व्हरवरची सीसेकची तपासणी बंद करण्याचा. एका संध्याकाळचं काम, आणि तक्रार तिथल्या तिथे बंद झाली असती. पण वाडीला ब्रॉडबँड आणि त्याला पर्याय म्हणून 4जी अशा दोन वाटा आहेत. एका वाटेवरून दुसरीवर उडी पडते तेव्हा जुन्या वाटेवर अडकलेलं पाकीट उशिरा उगवणं तिथे रोजच्या कामातलं आहे. तपासणी काढली असती तर दिसणारा आणि मोजता येणारा दोष जाऊन महिन्यातून एकदा, कधीही, कोणत्याही फोनला होणारा दोष आला असता. असा दोष शोधायला मला या दोषापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला असता.

आणखी एक सूचना आली: फोनने सुरुवात 1 पासून न करता घड्याळावरून करावी. ही कल्पनाही प्रमाणातलीच. सीसेक 2 चा 31 वा घात, म्हणजे 2,14,74,83,648, याच्या खाली राहिला पाहिजे, आणि 32 बिटांच्या सेकंदाच्या घड्याळातले वरचे 31 बिट आरंभीचा आकडा म्हणून घेता येतात असं उदाहरण तिथे आहे. असा आकडा दर दोन सेकंदांनी एकाने वाढतो, त्यामुळे पुन्हा सुरू झालेला फोन नेहमी आपल्या जुन्या आकड्याच्या पुढेच असतो. विचार सुंदर आहे. अडचण एवढीच की या फोनात बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज आल्यावर नेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याच्या लेखी 1970 साल असतं. वेळ मिळण्याआधी पहिली नोंदणी गेली तर आकडा मागेच पडणार.

काय केलं

ताबडतोबीचा उपाय सर्व्हरवर मुदतीचा. फोनने 3600 मागितले तरी रजिस्ट्रार त्याहून कमी मुदत देऊ शकतो. ती 300 सेकंद केली. आता झपकीनंतर कोणताही फोन जास्तीत जास्त पाच मिनिटं मुका राहील. फोन दर 150 सेकंदांनी नूतनीकरण करतात, त्यामुळे दिवसाला 96 ऐवजी 1152 आकडे चढतात आणि आकडा ओलांडून सुटायची वाट जवळजवळ बंद होते, पण पाच मिनिटांच्या मुदतीपुढे तिची गरजही राहत नाही. 46 फोनांचा भार सेकंदाला एक विनंतीसुद्धा होत नाही. हजारो फोन असते तर हा निर्णय इतका सहज घेतला नसता.

दुसरा उपाय वाडीच्या स्विचना यूपीएस. तो खरं तर आधीपासूनच हवा होता. फोनच्या दोषाशी त्याचा संबंध नाही, पण झपकीला फोन बंदच पडले नाहीत तर गेटला त्रासही नाही.

तिसरा, खरा उपाय फर्मवेअरचा, म्हणजे फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरचा. फोन बनवणाऱ्याला दोन्ही कॅप्चर आणि प्रमाणातली दोन्ही वाक्यं एकत्र पाठवली. नुसतं ‘फोन बंद पडतो’ असं लिहून पूर्वी गेलेल्या तक्रारींना ‘सर्व्हर तपासा’ हेच उत्तर आलं होतं. या वेळी नवी आवृत्ती आली. तिच्यात फोन प्रत्येक वेळी सुरू होताना नवा, यादृच्छिक कॉल-आयडी बनवतो.

तपासणी मुद्दाम कडक ठेवली. चाचणीपुरती मुदत पुन्हा 3600 केली, 214 चा आकडा शंभराच्या पुढे जाऊ दिला आणि स्विचची वीज वीस सेकंदांसाठी काढली. कॅप्चरमध्ये नवा कॉल-आयडी, सीसेक 1, उत्तर 401. मग सीसेक 2, उत्तर 200, म्हणजे मान्य. जुनी नोंद त्याच कॉन्टॅक्टची असल्यामुळे तिच्याच जागी नवी बसली, लोंबकळत काही राहिलं नाही. लगेच लकडगंजहून गेटला आणि गेटहून बाहेर कॉल लावून पाहिला, दोन्ही लागले.

यातून बाहेर राहिलेत ते बुटीबोरीचे जुन्या मॉडेलचे काही फोन. त्यांना नवं फर्मवेअर निघालेलं नाही. त्यांच्यासाठी 300 सेकंदांची मुदत कायम आहे. आणि तिथल्या फोनांवर कागद चिकटवला आहे: लाईन आल्यावर पाच मिनिटं थांबा, वायर काढू नका.